सूडाच्या तळघरात उतरण्यापूर्वी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



मराठी माध्यमाच्या शाळेसंबंधी, त्यातही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेसंबंधी, एक प्रश्न नेहमी विचारला जातो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी किंवा त्या त्या प्रांताची भाषा आणि पुढे आयुष्यभर इंग्रजी, अशा त्रिस्थळी यात्रेत मुलाचे इंग्रजी वाचन कोठवर पोहोचणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घोषणांनी देता येत नाही. एखादा अवघड इंग्रजी पाठ प्रत्यक्ष उलगडून पाहिला, तरच ते मिळते. आजच्या विवेचनासाठी म्हणून अशी एक कथा निवडली आहे : एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ‘द कास्क ऑफ अमोन्टिलाडो’. सूडकथांमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे, आणि वरच्या इयत्तांतील मुलांना ती हमखास अडवते.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. इटलीतील एका अनाम शहरात कार्निव्हलचा उत्सव ऐन भरात आहे. मॉन्ट्रेसॉर नावाच्या खानदानी गृहस्थाला फॉर्च्युनाटो या आपल्या परिचितावर सूड उगवायचा आहे. अमोन्टिलाडो नावाचे दुर्मीळ मद्य हाती आले असून ते अस्सल आहे की नाही याची पारख करून हवी आहे, अशी बतावणी तो करतो. फॉर्च्युनाटोला आपल्या मद्यपारखीचा मोठा अभिमान आहे. त्या अभिमानाला धरूनच मॉन्ट्रेसॉर त्याला आपल्या वाड्याखालच्या भुयारात नेतो, एका कोनाड्यात साखळदंडाने जखडतो आणि समोर दगड-चुन्याची भिंत रचून त्याला जिवंत चिणतो. या घटनेला पन्नास वर्षे लोटल्यावर तो स्वतःच ही सारी हकिकत कोणाला तरी सांगत आहे.

इंग्रजीत ही कथा अडीच हजार शब्दांच्या आत संपते. मग मुले अडखळतात कोठे? वाक्यरचना त्यांना फारशी त्रास देत नाही. अडचण ही आहे की युरोपातील अनेक रीतिरिवाज या कथेत एकत्र आले आहेत आणि लेखकाने त्यांपैकी एकाचाही खुलासा केलेला नाही. आपल्या काळच्या वाचकाला ते ठाऊक आहेत असे त्याने गृहीत धरले. मराठी मुलाला ती पार्श्वभूमी कोणीतरी द्यावी लागते. ती देऊ लागले म्हणजे एक आनंददायक गोष्ट ध्यानात येते : या परक्या तळघराच्या कितीतरी किल्ल्या मराठी घरातच टांगलेल्या आहेत.

प्रथम ‘गॉथिक’ हा शब्द पाहावा. गॉथ हे मूळ युरोपातील जर्मानिक जमातींचे नाव. इसवी सन ४१० मध्ये त्यांच्यापैकी व्हिसिगॉथांनी रोम लुटले. त्यामुळे पुढे कित्येक शतकांनी, प्रबोधनकाळातील इटालियन विद्वानांनी मध्ययुगीन उंच, टोकदार कमानींच्या बांधणीला ‘गॉथिक’ म्हटले, ते ‘रानटी’ या अर्थाने. शिवीचे पुढे नाव झाले. ही शैली पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर या तिच्याच एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाच्या खुणा आहेत. साहित्यात हा शब्द आला तो होरेस वॉल्पोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ या कादंबरीमुळे. ती १७६४ च्या अखेरीस निघाली आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर तिला ‘गॉथिक कथा’ असे म्हटले गेले. जुना किल्ला किंवा वाडा, त्याखालचे भुयार, उतरती कळा लागलेले घराणे, पूर्वजांची सावली, कोंडलेला माणूस ही या प्रकाराची ठरलेली सामग्री. धारपांच्या भयकथा आणि मतकरींच्या गूढकथा आवडीने वाचलेल्या मराठी वाचकाला हे वातावरण अगदीच नवे वाटणार नाही. पो याने मात्र या कथेत भूतपिशाच्च आणलेच नाही. भुयार आहे, हाडे आहेत, मध्यरात्र आहे, आणि भीती उत्पन्न करणारा एक सभ्य, हसतमुख, मृदुभाषी माणूस आहे.

आता लेखकाविषयी थोडेसे. पो याचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे झाला. आईवडील दोघेही रंगभूमीवरचे. तिसरे वर्षही पुरे होण्यापूर्वी आई वारली आणि रिचमंडच्या जॉन ॲलन या व्यापाऱ्याने त्याचा सांभाळ केला. पुढे त्या पालकपित्याशीही त्याचे पटले नाही. मासिकांचे संपादन व लेखन यांवर तो कसाबसा गुजराण करी. समीक्षक म्हणून त्याची लेखणी इतकी धारदार होती की मित्रांपेक्षा शत्रूच अधिक जमले. १८४६ साली फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात त्याने न्यूयॉर्कच्या साहित्यिकांवर एक लेखमाला लिहिली. तीत थॉमस डन इंग्लिश या एके काळच्या स्नेह्याची त्याने टर उडवली. इंग्लिशने वृत्तपत्रातून जळजळीत उत्तर दिले आणि पो याच्या प्रामाणिकपणावरच आरोप केले. पो याने त्या वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावला. दावा न्यायालयात असतानाच, नोव्हेंबर १८४६ मध्ये, त्याच ‘गोडीज’ मासिकात ‘द कास्क ऑफ अमोन्टिलाडो’ प्रसिद्ध झाली. पुढच्या फेब्रुवारीत निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २२५ डॉलरांची भरपाई मंजूर झाली. परंतु त्याच्या काही दिवस आधी, ३० जानेवारी १८४७ रोजी, त्याची पत्नी व्हर्जिनिया क्षयाने मरण पावली होती. स्वतः पो ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथे वारला. तेव्हा तो अवघा चाळीस वर्षांचा होता.

या चरित्रावरून फॉर्च्युनाटो म्हणजे इंग्लिश आणि मॉन्ट्रेसॉर म्हणजे पो असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. चरित्राचा उपयोग एवढाच की, अपमान मनात मुरला म्हणजे त्याचे काय होते, हे या लेखकाला आतून ठाऊक होते. कथेत मात्र त्याने त्या अनुभवाकडे अलिप्तपणे पाहिले आहे.

आता शब्दांच्या वाटेने भुयारात उतरू लागावे.

पहिला शब्द ‘कार्निव्हल’. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होण्याआधी ख्रिस्ती समाजात खाण्यापिण्याचा आणि सोंगांचा जो उत्सव होतो, तो हा. गोव्यात तो आजही होतो, तेव्हा कोकणी-मराठी घरांना तो अपरिचित नाही. त्या दिवसांत थोर-लहान भेद विसरले जातात, मुखवटे चढतात, शिमग्याप्रमाणे एरवी न शोभणारे वागणेही खपून जाते. मॉन्ट्रेसॉरने हा मुहूर्त साधला, कारण नोकरचाकर घरात नसणार आणि काळा मुखवटा घातलेल्या माणसाकडे कोणी वळूनही पाहणार नाही. फॉर्च्युनाटोने सोंग घेतले आहे ते विदूषकाचे : अंगाला घट्ट बसणारे रंगीबेरंगी पट्ट्यांचे कपडे आणि डोक्यावर घुंगरांची निमुळती टोपी. इंग्रजीत या वेषाला ‘मॉटली’ म्हणतात. शब्दकोशात ‘चित्रविचित्र’ एवढाच अर्थ पाहून विद्यार्थी पुढे गेला, तर एक माणूस विदूषकाच्या वेषात मृत्यूकडे चालला आहे आणि प्रत्येक पावलाला त्याचे घुंगरू वाजत आहेत, ही या कथेतली सर्वांत क्रूर गोष्ट त्याच्या हातून निसटते.

दुसरा शब्द शीर्षकातलाच. ‘कास्क’ म्हणजे लाकडी पिंप. अमोन्टिलाडो हा स्पेनच्या दक्षिण भागातील शेरी या मद्याचा एक प्रकार. मॉन्तिया या गावाच्या नावावरून, ‘मॉन्तियाच्या धर्तीचे’ अशा अर्थाने, ते नाव पडले आहे. प्रारंभी यीस्टच्या थराखाली आणि नंतर हवेच्या संपर्कात ते लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरते, म्हणून त्याची पारख अवघड आणि पारख्याचा मान मोठा. मॉन्ट्रेसॉर म्हणतो की त्याने एक अख्खा ‘पाईप’ विकत घेतला आहे. येथे मुले नळी किंवा चिलीम डोळ्यांसमोर आणतात आणि गोंधळतात. मद्यव्यापारात ‘पाईप’ हे मोठ्या पिंपाचे नाव आणि मापही आहे. ते सुमारे पावणेपाचशे लिटरांचे असते. गंमत अशी की पोर्तुगीज भाषेत याच पिंपाला ‘पिपा’ म्हणतात आणि त्याच ‘पिपा’पासून मराठीत ‘पिंप’ आले. म्हणजे न्हाणीघरातल्या पाण्याच्या पिंपाचा आणि मॉन्ट्रेसॉरच्या मद्याच्या पिंपाचा शब्द एकाच घराण्यातला. शिवाय एवढे मोठे पिंप, ऐन उत्सवात, कोणालाही न दाखवता, कोणी विकत घेईल काय? फॉर्च्युनाटोने शुद्धीत हा विचार केला असता तर तो वाचला असता. त्याऐवजी लुकेसी नावाच्या दुसऱ्या पारख्याचे नाव निघताच त्याचा स्वाभिमान दुखावतो. मॉन्ट्रेसॉर त्याला परोपरीने परत फिरायला सांगतो आणि प्रत्येक वेळी तो अधिकच हट्टाने पुढे जातो.

तिसरा शब्द ‘कॅटाकोम्ब्ज’. रोमजवळ प्राचीन ख्रिस्ती लोकांनी आपले मृत पुरण्यासाठी खणलेल्या भुयारांसाठी हा शब्द रूढ झाला. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस भरून गेलेल्या दफनभूमींतील अस्थी जुन्या खाणींत हलवण्यात आल्या आणि तेथील भिंतींवर त्या रचून ठेवल्या गेल्या. कथेत त्या पॅरिसच्या भुयाराचा उल्लेख आहे. मॉन्ट्रेसॉर घराण्याचे तळघर एकाच वेळी मद्याचे कोठार आहे आणि पूर्वजांचे दफनस्थान आहे. आपले घराणे मोठे आणि विस्ताराचे होते, असे तो सांगतो. ‘होते’ हा भूतकाळ विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. फॉर्च्युनाटो श्रीमंत, सन्मानित आणि सुखी आहे, आणि तसा आपणही एके काळी होतो, असेही मॉन्ट्रेसॉर बोलून जातो. सूडाच्या कारणाचा खरा धागा कदाचित या भूतकाळात असेल.

चौथा शब्द ‘नायटर’, म्हणजे सोरा. भुयाराच्या भिंतींवर त्याचे पांढरे जाळे चमकते आहे. जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीला लोणा लागतो आणि पांढरी भुकटी सुटते, ती पाहिलेल्या मराठी मुलाला याहून अधिक वर्णन नको. कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातील नायट्रोजनापासून जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेट क्षार बनतात. जेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे मृत पुरलेले आहेत, तेथील भिंतीवरचा हा लोणा कशाचा, ते रसायनशास्त्राचा विद्यार्थी ताडू शकतो. या दमट हवेने फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ येते. खोकल्याने काही आपण मरणार नाही असे तो म्हणतो आणि मॉन्ट्रेसॉर त्याला मनापासून दुजोरा देतो. त्याला मरण कशाने येणार आहे हे त्याच्या सोबत्याला पक्के ठाऊक आहे. पुढे फॉर्च्युनाटो भोवती चिरनिद्रा घेणाऱ्यांच्या नावे पेला उचलतो, तर मॉन्ट्रेसॉर फॉर्च्युनाटोच्याच दीर्घायुष्यासाठी पितो. फॉर्च्युनाटो या नावाचा अर्थही ‘भाग्यवान’ असाच आहे. वरकरणी सरळ आणि आत उलटा अर्थ असलेल्या अशा बोलण्याला साहित्यात वक्रोक्ती किंवा उपरोध म्हणतात. या कथेत तो ओळीओळीत आहे, आणि तो कळण्यासाठी शब्दाचा एकच अर्थ पाठ असून भागत नाही.

पाचवा शब्द ‘मेसन’. फॉर्च्युनाटो एक विशिष्ट खूण करतो. मॉन्ट्रेसॉरला ती कळत नाही, म्हणून तो मेसन बंधूंपैकी नाही असे फॉर्च्युनाटो म्हणतो. येथे अभिप्रेत आहे ती फ्रीमेसन ही जुनी बंधुसंघटना, जिची लंडनमधील पहिली मोठी सभा १७१७ मध्ये स्थापन झाली. मुंबईत आणि दिल्लीत तिच्या इमारती आजही उभ्या आहेत. खुणेने एकमेकांना ओळखण्याची तिची रीत प्रसिद्ध आहे. पण ‘मेसन’चा साधा अर्थ गवंडी. मॉन्ट्रेसॉर आपणही मेसन असल्याचे सांगतो आणि पुराव्यादाखल आपल्या झग्याच्या घडीतून गवंड्याची थापी काढून दाखवतो. फॉर्च्युनाटो ती थट्टा समजतो. इंग्रजीतली ही कोटी मराठीत आणता येत नाही असे वाटत असतानाच मराठी स्वतःची कोटी पुढे करते : संध्याकाळपासून ज्याने थापांवर थापा मारल्या, त्याच्या हातात अखेर थापी दिसते.

सहावी गोष्ट घराण्याच्या मानचिन्हाची. निळ्या पृष्ठभूमीवर सोन्याचे एक भले मोठे पाऊल सापाला चिरडत आहे आणि त्या सापाचे दात पावलाच्या टाचेत रुतले आहेत. सोबत लॅटिन ब्रीद आहे, त्याचा आशय असा की माझी आगळीक करून कोणी शिक्षेवाचून सुटत नाही. हेच ब्रीद स्कॉटलंडच्या ‘थिसल’ या सन्मानाचेही आहे. या चित्रात मॉन्ट्रेसॉर कोण, पाऊल की साप? तो स्वतःला पाऊल समजत असेल. मराठी भाषा मात्र येथे वाचकाच्या कानात एक शब्द सांगते : ‘डूख’. नागाच्या शेपटीवर पाय पडला तर तो डूख धरतो, अशी लोकसमजूत आहे, आणि मनात वैर जपणाऱ्या माणसासाठीही मराठीत हाच प्रयोग आहे. डूख धरणारा मॉन्ट्रेसॉर म्हणजे सापच. आणि त्या चित्रात चिरडणारा आणि चावणारा दोघेही एकमेकांतून सुटलेले नाहीत.

आता कथेच्या आरंभीच्या शब्दांकडे परत यावे, कारण ते शेवटी नीट कळतात. पहिल्याच परिच्छेदांत मॉन्ट्रेसॉर सूडाचे जणू एक कायद्याचे कलमच मांडतो. ‘रिड्रेस’ म्हणजे अन्यायाचे परिमार्जन. ‘इम्प्युनिटी’ म्हणजे शिक्षेवाचून सुटका. ‘रिट्रिब्यूशन’ म्हणजे केलेल्या कृत्याची उलटून येणारी शिक्षा. त्याच्या मते सूड पुरा होण्यास दोन अटी हव्यात : सूड घेणाऱ्यावर शिक्षा उलटू नये, आणि ज्याच्यावर सूड घेतला त्याला तो कोण घेत आहे हे कळावे. याच भागात ‘इमोलेशन’ असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ बळी देणे, आहुती देणे. न्यायालयाची आणि देवघराची अशी ही सारी प्रतिष्ठित शब्दावली एका गुप्त खुनासाठी वापरली आहे. शब्द भारदस्त असले म्हणजे कृत्यही न्याय्य ठरते असे नाही, हा धडा विद्यार्थ्याने येथे घ्यावा. वृत्तपत्रे वाचताना, भाषणे ऐकताना आणि मोबाइलवर आलेले संदेश पुढे पाठवतानाही तो उपयोगी पडेल.

त्याहून महत्त्वाचे आहे ते कथेत न सांगितलेले. फॉर्च्युनाटोने आपल्याला हजारो इजा केल्या आणि शेवटी अपमान केला, असे मॉन्ट्रेसॉर म्हणतो. परंतु त्या हजारांपैकी एकही तो सांगत नाही. सूडाच्या इतर थोर कथांत असे घडत नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पित्याचे भूत आपल्यावरील अन्याय स्वतः सांगते, आणि तरीही हॅम्लेट ते पडताळून पाहतो, स्वतःला प्रश्न विचारतो, थांबतो. गोपाळ गणेश आगरकरांनी ते नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, त्या काळातले हे काम. स्वतःला अन्याय झाला असे वाटण्याचे पुरेपूर कारण असताना आगरकरांनी सूड आणि संशय यांच्या या नाटकाला जे नाव दिले, त्यात विकारांचा खेळ पाहण्याची दृष्टी आहे. महाभारतातही अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या वीरांची कत्तल केली, तेव्हा त्यामागचे पितृवधाचे दुःख व्यासांनी लपवले नाही, आणि त्या कृत्याचे फळही लपवले नाही.

मॉन्ट्रेसॉरच्या हकिकतीत असा दुसरा साक्षीदार नाही. फॉर्च्युनाटोची बाजू भिंतीआड राहिली. ऐकणाऱ्यासमोर एकाच पक्षाची, तीही पन्नास वर्षे घोटून गुळगुळीत केलेली, जबानी आहे. अशा निवेदकाला समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. पहिल्या वाचनात बहुतेक मुलांना मॉन्ट्रेसॉरच्या चातुर्याचे कौतुक वाटते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण कथा त्याच्याच तोंडून येते. शिक्षकाने तेथे रागावण्याचे कारण नाही. एकच प्रश्न विचारावा : फॉर्च्युनाटोने नेमके काय केले होते? मुले पुस्तक उलटसुलट चाळतात आणि उत्तर सापडत नाही. त्या क्षणी त्यांचे खरे वाचन सुरू होते.

मग दुसरा प्रश्न विचारता येतो : स्वतःच्याच अटींप्रमाणे मॉन्ट्रेसॉरचा सूड पुरा झाला काय? भिंत रचताना एकदा आतून किंकाळ्या येतात, तेव्हा तो थरथरतो, मग स्वतःच त्याहून मोठ्याने ओरडतो. भिंतीच्या अकराव्या आणि शेवटच्या थरातला एकच दगड उरला असताना फॉर्च्युनाटो देवाची आण घालून विनवतो. त्यानंतर मॉन्ट्रेसॉर त्याला नावाने दोनदा हाक मारतो. त्याला उत्तर हवे आहे, आपण कोण आणि हे कशासाठी हे त्या माणसाच्या तोंडून ऐकायचे आहे. आतून फक्त घुंगरांचा आवाज येतो. दुसरी अट पुरी झाल्याचा पुरावा त्याला मिळतच नाही. आणि पहिली? कायद्याने त्याला पकडले नाही हे खरे. पण पन्नास वर्षांनंतरही त्याला त्या रात्रीचे प्रत्येक पाऊल, प्रत्येक थर, प्रत्येक वाक्य स्मरते आहे आणि ते कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. ऐकणारा त्याच्या अंतःकरणाचा चांगला जाणकार आहे, एवढेच तो सांगतो. कित्येक वाचकांना वाटते की तो मृत्युशय्येवर असावा आणि समोर धर्मगुरू असावा. शेवटी मृतांसाठी म्हणतात ती शांतीची लॅटिन प्रार्थना तो उच्चारतो. ती फॉर्च्युनाटोसाठी की स्वतःसाठी, हे पो याने मोकळे ठेवले आहे.

याच ठिकाणी एक छोटी जागा आहे. शेवटचा दगड बसवताना मॉन्ट्रेसॉरला अंतःकरण जड झाल्यासारखे होते आणि तो लगेच त्याचे कारण भुयारातल्या ओलीवर ढकलतो. इंग्रजीत ती निव्वळ सबब वाटते. मराठीत ‘ओल’ हा शब्द भिंतीलाही आहे आणि मनालाही. मनात ओल असणे म्हणजे माया शिल्लक असणे. तळघराच्या ओलीचा बहाणा करताना त्याने अजाणता मनाच्या ओलीची कबुली दिली, असे मराठी वाचकाला ऐकू येऊ शकते. मुळातल्या ओळीत हा श्लेष नाही, पण तिथला चुकारपणा मात्र आहे, आणि मराठीतून तो अधिक लवकर हाताला लागतो.

अश्वत्थाम्याविषयी महाराष्ट्रात एक लोकश्रुती आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो अजून हिंडतो आणि जखमेसाठी तेल मागतो. मॉन्ट्रेसॉरची जखम तशी दिसत नाही. तो झग्याखाली थापी लपवतो, तशीच जखमही लपवतो. पण पन्नास वर्षांनी ऐकणारा शोधणे हेही एक तेल मागणेच आहे.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी या कथेकडे केवळ परीक्षेतील उतारा म्हणून पाहू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात अपमान फार खोल जातो. वर्गात कोणी नाव ठेवले, गटातून वगळले, बोलण्याच्या ढबीवरून हसले, की मूल घरी येऊन गप्प बसते आणि मनात हिशेब मांडू लागते. परप्रांतात राहणाऱ्या, दोन-तीन भाषांमधून वावरणाऱ्या मुलाला असे प्रसंग थोडे अधिकच येतात. त्याला ‘विसरून जा’ म्हणणे सोपे असते आणि निरुपयोगीही. मॉन्ट्रेसॉर त्याला दाखवतो की इजा कधीच बोलून दाखवली नाही, तर तिची भिंत होते, आणि रचणाराही त्या भिंतीला बांधला जातो. झालेला अन्याय शब्दांत मांडावा, योग्य ठिकाणी मांडावा आणि समोरच्याचेही ऐकावे, ही न्यायाची वाट. सूडाची वाट तेथूनच फुटते जेथे बोलणे थांबते.

राहिला प्रारंभीचा प्रश्न. मराठी माध्यमाचे मूल अवघड इंग्रजी कोठवर वाचू शकेल? या एका कथेपुरते उत्तर समोर आहे. नवे शब्द शिकावे लागले, युरोपच्या चालीरीती समजून घ्याव्या लागल्या, त्यासाठी कष्ट पडले आणि ते पडणारच. पण पिंप, लोणा, थापी, डूख, चिणणे, ओल हे शब्द ज्याच्या पदरी आहेत, त्याला त्या भुयारात दिसणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. इंग्रजी शब्दकोश त्याने हाताशी ठेवावाच. त्याच्या शेजारी मराठी कोशही असू द्यावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे शब्द त्याच्या कानावर पडू द्यावेत. शाळेने साठ वर्षे तेच केले आहे आणि पुढेही ते करावयाचे आहे.